पद्मिनी आणि मारुती : एका तुलनेची फेरतपासणी

मुंबईत ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. त्या सुमारास वृत्तपत्रांतून निरोपाचे बरेच लेख आले. त्यांतल्या बहुतेकांचा सूर एकच होता : ती गाडी दणकट होती, लोखंडी होती, कुणालाही दुरुस्त करता येत होती, आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे.

हा सूर नवा नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हाही तिला हेच विशेषण मिळाले होते. म्हणजे जुन्या आणि नव्या गाडीची जी तुलना आज आपण करतो, तिचा साचा चाळीस वर्षांपूर्वीच तयार झालेला आहे. आपण फक्त त्यात नवी नावे भरतो. आज मारुती ८०० हीच जुन्या गाड्यांत जमा झाली आहे आणि तिच्याविषयीही ‘तशी साधी गाडी पुन्हा होणे नाही’ असे हळहळून बोलले जाते. ज्या गाडीला एका पिढीने डबा म्हटले तिलाच दुसरी पिढी साधेपणाचा आदर्श मानते, तेव्हा दोष किंवा गुण गाडीत आहेत की तुलनेच्या रीतीत, हे तपासून पाहावेसे वाटते. या लेखाचा हेतू तेवढाच आहे. त्यासाठी गाड्यांची घडण, त्यांच्या मागचे सरकारी धोरण, त्यांची नावे आणि त्या दुरुस्त करणारी माणसे, या चार अंगांनी दोघींकडे पाहू.

वंशावळ

प्रथम घडण. पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. तिचे १०८९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन १९३७ च्या फियाट गाडीपासून चालत आलेले. १९५३ मध्ये फियाटने ११००/१०३ हे नवे रूप आणले. त्याच घराण्यातली ११०० डी १९६२ मध्ये इटलीत आली आणि १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ या नावाने कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होऊ लागली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात फियाटशी असलेला करार संपला. मग तीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. म्हणजे शेवटच्या पद्मिनीच्या बॉनेटखाली जे इंजिन होते त्याची मूळ आखणी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती.

मारुती ८०० चे मूळ जपानच्या सुझुकीच्या छोट्या गाडीत आहे. ७९६ घनसेंटीमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, तेही आडवे बसवलेले, आणि त्याची ताकद पुढच्या चाकांना. पद्मिनीत इंजिन उभे, मध्ये लांब शाफ्ट आणि ताकद मागच्या चाकांना. दोन्ही गाड्यांची अश्वशक्ती मात्र जवळजवळ सारखी, चाळिसाच्या आगेमागे. फरक वजनात. पद्मिनी सुमारे नऊशे किलोची, मारुती साडेसहाशेच्या आसपास. एका अश्वशक्तीने पद्मिनीत बावीस किलो ओढायचे, तर मारुतीत सोळा-सतरा. मारुती पळते कशी, याचे त्या काळी जे आश्चर्य वाटे त्याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

यात एक गोष्ट आपल्याकडच्या लेखनात सहसा येत नाही. फियाट ११०० ची आखणी ज्याच्या हाताखाली झाली तो दान्ते जाकोझा हा इंजिनिअर. त्यानेच पुढे इंजिन आडवे, त्याच्याच टोकाला गिअरपेटी आणि ताकद पुढच्या चाकांना, ही रचना सिद्ध केली. १९६४ ची ऑटोबियांकी प्रिम्युला आणि १९६९ ची फियाट १२८ या गाड्यांत ती बाजारात आली. इटलीत ११०० मालिकेची जागा घेतली ती याच १२८ ने. छोट्या गाड्यांसाठी जगभर पुढे हीच रचना रूढ झाली आणि सुझुकीच्या छोट्या गाडीतही ती होती. तेव्हा पद्मिनी आणि मारुती या दोन परक्या संस्कृतींच्या गाड्या नाहीत. एकाच माणसाच्या विचारातले आधीचे पाऊल आणि नंतरचे पाऊल, असे त्यांचे नाते आहे. इटलीत ही दोन पावले लागोपाठ पडली. आपल्याकडे दुसरे पाऊल पडायला १९८३ उजाडले, आणि पहिलेही त्यानंतर सतरा वर्षे उचलले गेले नाही.

‘जुन्या गाड्या चॅसिसवर बांधलेल्या, म्हणून दणकट’ हे वाक्य गॅरेजपासून दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे ऐकू येते. फियाट ११००/१०३ ला वेगळी चॅसिस नव्हतीच. तिचे कवच हाच तिचा सांगाडा होता, जसा मारुतीचा. पत्रा जाड होता हे खरे. पण पत्र्याची जाडी आणि गाडीची बळकटी ही एकच गोष्ट नव्हे, हे पुढे पाहू.

थांबलेला काळ

पहिले पाऊल इतके लांबले का, याचे उत्तर कुर्ल्यापेक्षा दिल्लीत अधिक सापडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया देशी भांडवलावर घालू पाहणारा हा उद्योजक. १९४७ पासून कुर्ल्यात अमेरिकन क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या आणि १९५० च्या दशकात फियाट आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार धोरण ठरले : ज्यांच्याकडे गाडी इथे घडवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, नुसते भाग जुळवणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. तो बंद झाला. फोर्डही गेली. मैदानात दोन-तीन देशी कंपन्या उरल्या.

या धोरणाची बाजू समजून घेतली पाहिजे. परकीय चलन अपुरे होते आणि मोटार ही चैन समजली जात होती. इथेच सुटे भाग घडले पाहिजेत या आग्रहातून लघुउद्योगांचे मोठे जाळे उभे राहिले, हे त्याचे खरे फळ. पण त्याच धोरणात उत्पादनाच्या परवान्यावर मर्यादा होती आणि काही काळ किमतीवर सरकारी नियंत्रणही होते. किंमत ठरवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या खटल्यात प्रीमियर हीच एक पक्षकार होती. जास्त गाड्या काढायला परवानगी नाही, किंमत वाढवायला मोकळीक नाही आणि ग्राहक तर वर्षानुवर्षे रांगेत उभा. अशा स्थितीत नवे रूप आणण्यासाठी पैसा गुंतवावा असे कोणत्या कारखान्याला वाटेल? हातात पडलेली गाडी लगेच विकली तर कोऱ्या गाडीपेक्षा जास्त पैसे मिळत. ज्या बाजारात माल विकण्याची चिंताच नाही, त्यात माल सुधारण्याची गरजही उरत नाही.

मारुतीचा जन्मही याच व्यवस्थेतून झाला. जनतेच्या स्वस्त गाडीची चर्चा १९६० च्या आसपासच्या झा समितीपासून चालली होती. संजय गांधींची मारुती लिमिटेड १९७१ मध्ये स्थापन झाली, पण तिची गाडी काही बाजारात आली नाही आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारने तिचा ताबा घेऊन १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी काढली. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, तेव्हा सुझुकीचा वाटा २६ टक्के होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत होती पन्नास हजारांच्या आत. ‘मारुती म्हणजे खुल्या बाजाराचा विजय’ हे जे सहजपणे लिहिले जाते ते म्हणूनच अपुरे आहे. पद्मिनीला बांधून ठेवणारे सरकार आणि मारुतीला मोकळी वाट देणारे सरकार एकच होते. १९९१ ला अजून आठ वर्षे होती.

तो मारुती, ती मारुती

नावांचाही विचार व्हायला हवा, कारण मराठी भाषेने या दोन गाड्या दोन तऱ्हांनी स्वीकारल्या.

‘पद्मिनी’ हे नाव चितोडच्या राणीची आठवण करून देणारे. पण मुंबईच्या बोलण्यात ते फारसे रुळले नाही. बिल्ल्यावरून ‘फियाट’ हा शब्द गेला तरी तोंडातून गेला नाही. टॅक्सीवाला, मिस्त्री, सुट्या भागांचा दुकानदार, सगळे शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. १९५० च्या दशकातल्या फुगीर नाकाच्या गाडीला तर लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे स्वतःचे नाव दिले होते. कंपनीने दिलेल्या राजघराण्यातल्या नावापेक्षा लोकांना त्यांचे उकिरड्यावरचे नाव जवळचे वाटले. यात थट्टा आहे, तशी मालकीही आहे. परक्या वस्तूला घरचे नाव पडते तेव्हा ती घरची होते.

मारुतीची गोष्ट उलटी. उत्तरेत काढलेल्या कंपनीने वायुपुत्राचे नाव वेगासाठी घेतले असेल, पण महाराष्ट्रात ते नाव गावोगावच्या पारावर आधीच होते. मारुती हा इथे गावाचा राखणदार. असे असूनही घोटाळा झाला नाही, कारण मराठी व्याकरणाने तो आधीच मिटवला. देव ‘तो’, गाडी ‘ती’. ‘मारुती आला’ आणि ‘मारुती आली’ यांत एका मात्रेचा फरक, पण ऐकणाऱ्याला क्षणभरही शंका येत नाही. ‘गाडी’ हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून जीप, फियाट, ॲम्बॅसॅडर या सगळ्या ‘ती’ झाल्या, त्याच ओघात ब्रह्मचारी देवाच्या नावाची गाडीही ‘ती’ झाली. फियाटला लोकांनी टोपणनाव देऊन आपलेसे केले होते. मारुतीला तशी गरज पडली नाही. ती तयार नाव घेऊनच आली आणि लोकांनी ते तसेच वापरले. या फरकाशी मिळताजुळता आणखी एक फरक आहे. फियाटवर माणसाला काम करावे लागे. मारुतीवर तितके करावे लागत नसे.

फडके, पॉइंट आणि मिस्त्री

पद्मिनी चालवणे हे एक प्रकारचे शिक्षण होते. सकाळी चोक किती ओढायचा, इंजिन तापल्यावर तो कधी ढकलायचा, हे हाताला ठाऊक असावे लागे. गिअरची दांडी स्टिअरिंगला. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोलची वाफ धरली की गाडी थांबे. मग पेट्रोल खेचणाऱ्या पंपावर, मिस्त्रींच्या भाषेत ‘एसी पंपा’वर, ओले फडके टाकून बसायचे. डिकीत पाण्याचा डबा, जादा फॅन बेल्ट, प्लगचा पाना असायचाच. पॉइंट पॉलिश पेपरने घासून त्यांतले अंतर नीट करणे हे काम कितीतरी मालक स्वतः करत. ठरावीक दिवसांनी ग्रीस भरले नाही तर पुढची चाके कुरकुरत.

आज या आठवणी गोड वाटतात. पण ज्याला दर दिवशी गाडी काढून पोट भरायचे होते त्याच्या दृष्टीने हे रोजचे ओझे होते. मग टॅक्सीवाल्यांनी ही गाडी इतकी वर्षे का धरून ठेवली? माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा प्रश्न हाच आहे, आणि ‘ती दणकट होती’ हे त्याचे उत्तर नव्हे.

गेली काही वर्षे कुर्ला, भायखळा आणि परळ भागातल्या जुन्या मिस्त्रींशी मी बोलत आलो आहे. त्यांच्यापैकी कुणीही मला पद्मिनी बिघडत नाही असे सांगितले नाही. त्यांचे म्हणणे असे की ती बिघडते, पण रस्त्यावर सोडून जात नाही. आणि सोडून गेलीच तर पुढच्या नाक्यावर तिचा भाग मिळतो. टॅक्सीच्या धंद्यात गाडी किती वेळा बिघडते यापेक्षा बिघडल्यावर किती तास उभी राहते आणि किती पैसे मागते हे महत्त्वाचे. संध्याकाळी बिघडलेली गाडी पहाटेच्या पाळीला परत धंद्यावर आली पाहिजे. पद्मिनी या कसोटीला उतरत होती. टिकाऊ असणे आणि दुरुस्त होणे हे दोन वेगळे गुण आहेत. स्मरणरंजनात ते एक होऊन जातात.

हा दुसरा गुण गाडीत जन्मजात होता का? काही अंशी होता. सुटसुटीत इंजिन, बॉनेटखाली हात घालायला ऐसपैस जागा. पण मोठा भाग काळाने दिला. एकच इंजिन, एकच गिअरपेटी, एकच मागचा पाटा तीन-साडेतीन दशके बदलला नाही, म्हणून एका मिस्त्रीला जे कळले ते त्याच्या चेल्याला आणि त्याच्याही चेल्याला उपयोगी पडले. बोअर करणारा, पिस्टन-रिंग बसवणारा, पाटे मारणारा, मीटर दुरुस्त करणारा, सीटचे कव्हर शिवणारा, असे धंदेच्या धंदे एका गाडीभोवती उभे राहू शकले. कलकत्त्यात हीच जागा ॲम्बॅसॅडरने घेतली, कारण ती तिथून जवळच उत्तरपाड्यात तयार होत होती. मुंबईत फियाटने घेतली, कारण ती कुर्ल्यात तयार होत होती. शहराच्या टॅक्सीचे रूप आवडीने ठरले नाही. कारखाना किती कोसांवर आहे यावरून ठरले.

इथे एक कडू निष्कर्ष निघतो. पद्मिनीची जी गोष्ट आपण मिरवतो, कुणालाही दुरुस्त करता येण्याची, ती आपण ज्या गोष्टीला शिव्या देतो तिच्यातूनच आलेली आहे : परवाना राज्याने थांबवून ठेवलेल्या काळातून. मध्यमवर्गीय माणूस ज्या साचलेपणाला कंटाळला होता, त्याच साचलेपणावर मिस्त्रीची विद्या पोसली गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीसाठी हळहळायचे आणि दुसरी विसरायची, हे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही.

या विद्येची ताकद शेवटी एकदा दिसली. २००० च्या आसपास हवेच्या प्रदूषणाविषयीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरातल्या टॅक्सी सीएनजीवर जाऊ लागल्या. १९३७ च्या घराण्यातले इंजिन एकविसाव्या शतकातल्या इंधनावर चालू लागले. त्या आखणीत गॅसचा विचारही नव्हता. तरी टाकी डिकीत बसली, कार्बोरेटरशी मिक्सर जोडला गेला आणि गाडी धावली. अनोळखी गोष्ट सामावून घेण्याची ही क्षमता पद्मिनीत होती, कारण तिच्यात बंद असे काही नव्हते.

रेघ कुठे ओढायची?

आता मारुती. तिने नेमके काय बदलले? सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, हा विश्वास तिने दिला. स्टिअरिंग आणि क्लच हलके. ग्रीस भरण्याची कटकट जवळजवळ संपली. गाडी चालवण्यासाठी गाडीविषयी काही माहीत असण्याची अट तिने काढून टाकली. ज्यांना ड्रायव्हर ठेवणे परवडत नव्हते आणि ज्यांना फडके-पान्याच्या जगात कुणी शिरू दिले नव्हते, अशांना तिने मोटारीत आणून बसवले. त्यांत स्त्रिया होत्या, हे विसरून चालणार नाही. फियाटच्या आठवणी बहुतेक पुरुषांनी लिहिलेल्या आहेत आणि त्यांत बाई मागच्या सीटवर असते. मारुतीच्या आठवणी बायकाही सांगतात, आणि स्टिअरिंगवर बसून सांगतात. जुन्या-नव्याच्या कोणत्याही तुलनेत ही नोंद नव्याच्या बाजूला ठळकपणे पडली पाहिजे.

मग ‘जुनी गाडी उघडी, नवी गाडी बंद’ ही जी रेघ ओढली जाते ती पद्मिनी आणि मारुती यांच्यामधून जाते का? मला तसे दिसत नाही. १९८३ च्या मारुतीलाही कार्बोरेटर होता, चोक होता. कॅमशाफ्टचा पट्टा नवा होता, पण तो बदलायला मिस्त्री वर्षभरात शिकले. सुरुवातीला ‘जपानी गाडीला हात लावू नका’ म्हणणाऱ्या गॅरेजांत पाच-सात वर्षांत मारुती उघडलेली दिसू लागली.

खरी रेघ पुढे आहे. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजधानी परिसरात युरो निकष आले आणि लवकरच इतरत्रही तसे निकष लागू झाले. २००० च्या सुमारास मारुती ८०० मधला कार्बोरेटर जाऊन तिथे इंजेक्शन आणि त्याला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आली. बाहेरून गाडी तीच, नाव तेच. आत मात्र मिस्त्रीच्या कानाला आणि बोटांना न कळणारी एक वस्तू येऊन बसली. तिच्याशी बोलायला यंत्र लागते आणि ते यंत्र, त्याची भाषा कंपनीच्या हातात.

म्हणजे जुने आणि नवे यांतली सीमा नव्या गाडीच्या पोटातून जाते. मारुती ८०० च्या तीस वर्षांच्या आयुष्यात पहिली सतरा ती पद्मिनीच्या जगात होती, उरलेली आजच्या जगात. ही सीमा लोभाने ओढली असेही म्हणता येत नाही. ती ओढायला भाग पाडले ते शहराच्या हवेने आणि न्यायालयांनी. पद्मिनीच्या धुरात श्वास घेणाऱ्या मुलांचा विचार केला तर ती ओढणे आवश्यकच होते.

पत्र्याची जाडी

आता राहिलेला मुद्दा, सुरक्षिततेचा. ‘जुन्या गाडीला धडक बसली तर समोरच्याचेच नुकसान’ या वाक्याची चाचणी अमेरिकेत प्रत्यक्ष झाली आहे. २००९ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची शेव्हर्ले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. जुनीचा पत्रा जाड होता, पण तिची बैठकीची जागाच चेपली गेली. आतला माणूस वाचला नसता असा निष्कर्ष निघाला. नव्या गाडीचे नाक चुरडले, बैठकीची जागा शाबूत राहिली आणि आतल्या माणसाला पायाला किरकोळ इजा झाली असती. धडकेचा जोर कुठे तरी जिरावा लागतो. गाडी तो जिरवत नसेल तर माणसाचे शरीर जिरवते. पद्मिनीच्या जाड पत्र्याचे कौतुक करताना हे लक्षात ठेवावे.

पण यावरून ‘नवी म्हणजे सुरक्षित’ असाही अर्थ काढू नये. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो ८०० धरून पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. सुरक्षितता काळाबरोबर आपोआप येत नाही. ती कायद्याने मागावी लागते, जशी हवेची स्वच्छता मागावी लागली.

२०१४ चा हिशेब

त्याच महिन्यात, १८ जानेवारी २०१४ रोजी, मारुती ८०० चे उत्पादन थांबले. मे महिन्यात उत्तरपाड्यातली ॲम्बॅसॅडर थांबली. आणि ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण : सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देता त्यांनी स्पर्धा रोखली. पुढे अपिले झाली. पण त्या आदेशाने एक गोष्ट नोंदवून ठेवली. गाडीचे तंत्र गुंतागुंतीचे झाले हे एक, आणि त्या तंत्राची किल्ली मुद्दाम एकाच हातात ठेवली गेली हे दुसरे. पहिली अडचण शिक्षणाने सुटते. कार्बोरेटर शिकलेला मिस्त्री संगणकाची जोडणीही शिकू शकतो. दुसरी शिक्षणाने सुटत नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारींचाही त्यात समावेश केला. हा प्रश्न आता गॅरेजपुरता राहिलेला नाही, याची ती खूण आहे.

पद्मिनीच्या निरोपाच्या लेखांत मला खटकले ते हेच. त्यांत गाडीची आठवण होती, मिस्त्रीची जवळजवळ नव्हती. कुर्ल्यात ‘प्रीमियर रोड’ हे नाव उरले आहे, डोंबिवलीजवळ ‘प्रीमियर कॉलनी’ उरली आहे. गाड्याही दोन-चार हौशी संग्राहकांकडे चकचकीत होऊन उभ्या राहतील. पण चाळीस वर्षे कानाने इंजिन ओळखणाऱ्या माणसाच्या दुकानात आज टायरची हवा आणि पंक्चर एवढेच काम उरले असेल, तर गेलेली गोष्ट गाडी नाही. गेलेला आहे तो वस्तू उघडून पाहण्याचा, तिचे ज्ञान हाताहाती पुढे देण्याचा सर्वसाधारण माणसाचा अधिकार.

पद्मिनी परत यावी असे मला वाटत नाही. तिचा धूर, तिचा वाफ धरणारा पंप, धडकेत माणसावर जोर टाकणारे तिचे कवच, यांतले काहीही परत नको. मारुतीने दिलेली सोय आणि मोकळीकही कुणी परत देऊ नये. या दोघींच्या तुलनेतून राखण्यासारखी एकच मागणी उरते : आजच्या गाडीचे निदान करणारे यंत्र, तिचे सुटे भाग आणि तिची माहिती नाक्यावरच्या मिस्त्रीला रास्त दरात मिळावी. पद्मिनीच्या काळात ही गोष्ट थांबलेल्या काळाने योगायोगाने दिली होती. आता काळ थांबणार नाही, तेव्हा ती कायद्याने द्यावी लागेल.